शुक्रवारची काच

कुणी काही सांगायला लागलं की मॅडम हात वर करायच्या. तळवा समोर, बोटं जुळवलेली, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. आणि विचारायच्या, "दिसलं, का वाटलं?"

झालं! समोरच्याचं अर्धं बोलणं तोंडातच राहायचं. कामाच्या पहिल्याच दिवशी मी धापा टाकत पोचले आणि म्हटलं, "मॅडम, सॉरी, शिळफाट्याला ट्रॅफिक होतं." हात वर. "दिसलं, का वाटलं?" मी म्हटलं, "अहो, मी त्यातच अडकले होते!" तर म्हणतात, "मग दिसलं. ठीक आहे, बसा." मला आधी रागच आला. म्हटलं, बाई अंमळ चक्रम दिसते.

पण बाई सगळ्यांशी तशीच. शिळफाट्याचा वडेवाला म्हणायचा, "मॅडम, आत्ताच काढलेत." ह्या एक वडा मोडून वाफ येते का बघायच्या आणि मगच बाकीचे बांधून घ्यायच्या. शेवटी शेवटी तो वडेवाला स्वतःच त्यांच्यासमोर वडा मोडून दाखवायचा आणि तो मोडलेला वडा माझ्या वाट्याला यायचा. त्यांचे दादा, म्हणजे थोरले भाऊ, हसून म्हणायचे, "हिला स्थळं आणली तर मुलगा चांगला वाटतो असं कुणी म्हणायची सोय नव्हती. म्हणून राहिली." मॅडमसुद्धा हसायच्या. चाळिशीच्या पुढे असतील, कर्जतच्या जुन्या मास्तरांच्या घरातल्या. बंगळूरला मोठी नोकरी होती ती सोडून परत आलेल्या. स्कूटरवर पायाशी बर्फाची पेटी ठेवून कर्जत ते साजगाव जायच्या-यायच्या.

साजगावला एका कारखान्याचं मागचं शेड भाड्याने घेऊन त्यांनी कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे काय, मॅडम, कॉम्प्युटरवाले दोन इंजिनिअर आणि मी. मी आधी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचे. डीएनएचं मला विचाराल तर मॅडमनी समजावलं तेवढंच सांगीन. मोठ्या लॅबमध्ये माणसाचा डीएनए एका काचेवर बारीक बारीक ठिपक्यांनी चिकटवतात. ते ठिपके चमकतात, आणि त्यांचं चमकणं वाचून मशीन रिपोर्ट देतं. ठिपके नीट सुटे असले तर ठीक. एकमेकांत फिसकटलेले असले तरी ते मशीन गप्प बसत नाही, अंदाजाने काहीतरी वाचतंच. आणि तो अंदाज छापून, सही-शिक्का होऊन माणसाच्या हातात येतो.

आमचं मशीन त्याच्या आधीचं. ते काचेचा फोटो काढायचं आणि सांगायचं, स्पष्ट की पुसट. स्पष्ट असेल तर हिरवा दिवा, पुसट असेल तर लाल. लाल लागला की वाचायचं नाही, माणसाचा नमुना परत घ्यायचा. बस्स, एवढंच काम. मॅडम म्हणायच्या, "हो म्हणणारी मशिनं आहेत, नाही म्हणणारी आहेत. मला दिसत नाही असं कबूल करणारं एक तरी नको का?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक होतं. दादांची मुलगी. दहिवलीला त्यांचं घर माझ्या घरापासून जवळच. वहिनीच्या माहेरी एक मूल स्नायूंच्या आजाराने गेलेलं होतं, म्हणून वहिनी गरोदर असतानाच तपासणी करून घेतली होती. रिपोर्ट आला, दोष नाही. पेढे वाटले. मुलगी झाली, गोरीपान, डोळे असे टपोरे. पण पाय हलवेना. मान धरेना. तिचं रक्त मीच काढायचे, त्या कर्जतच्या लॅबमध्ये. सुई टोचली की बाकीची मुलं हातपाय झाडतात, चार माणसं लागतात धरायला. ही नुसती डोळ्यांनी रडायची. मला घरी जाऊन जेवण जायचं नाही. दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. मग मॅडमनी खणून काढलं तेव्हा लॅबवाले म्हणाले, नेमका तेवढाच भाग पुसट होता, मशीनने भरून काढला. भरून काढला! रिकाम्या जागा भरा आहे का ते?

त्यानंतर मॅडमनी बंगळूर सोडलं.

तर आमचं शेड. भिंतीला भिंत लागून पत्र्याचा कारखाना होता, त्यात मोठा प्रेस. धाड् करून पडायचा की आमच्या चहाच्या कपात गोल गोल लाटा उठायच्या. फोटो काढायला म्हणजे काच जराही हलून चालत नाही. मॅडम भांडायला गेल्या. प्रेस चालवणारे काका साजगावचेच, कानात कापसाचे बोळे. ते म्हणाले, "मॅडम, आमी काय मुद्दाम ठोकतो का? पत्रा हाय तो, ठोकल्याबिगर वाकत नाय." मॅडमनी हात वर केला, पण ह्यावर विचारण्यासारखं काही नव्हतं. तशाच परत आल्या.

मग आम्ही स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणल्या, त्यात अर्धी हवा भरली, त्यावर कडाप्प्याची जाड फरशी ठेवली आणि फरशीवर मशीन. काका बघायला आले आणि पोट धरून हसले. "डॉक्टरीनबाई, पंचर झाली तर काडायला माज्याकडं या." पण ट्यूबचा उपयोग झाला. कपातल्या लाटा फरशीवर येईनात. फोटो डोळ्यांना छान दिसायला लागले.

तरी मॅडमचं मन भरलं नाही. आमच्या भागात कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी प्रेस बंद, सगळीकडे सामसूम, लांबच्या हायवेचा आवाजही ऐकू यायचा. म्हणून मॅडमनी नियम घातला. चांगली काच शुक्रवारीच लावायची. मशीनला शिकवायचं तर त्याला चांगल्या काचा दाखवाव्या लागतात आणि खराब काचाही. चांगली काच मिळवायची म्हणजे मुंबईच्या लॅबवाल्यांच्या हातापाया पडा, बर्फात घालून आणा, वाटेत खड्डा चुकवा. एवढं जिवापाड जपून आणलेलं कुणी प्रेसच्या धडधडाटात लावील का? ती आम्ही शुक्रवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचो. खराब काच काय, आम्हीच करायचो. चांगल्या काचेचं काम झालं की ती उन्हात ठेवायची, की झाली खराब. तिला कसला आलाय शुक्रवार! ती सोमवारी लावा, मंगळवारी लावा.

मला तो शुक्रवार फार आवडायचा. मॅडम घरून डबा आणायच्या, गूळ-खोबरं आणायच्या. काच लावायच्या आधी आम्ही चपला बाहेर काढायचो, बोलायचो नाही, शिंक आली तर बाहेर पळायचो. एकदा एक इंजिनिअर म्हणाला, "आपण काय पूजेला बसलोय का?" मॅडम म्हणाल्या, "पूजेत चूक झाली तर देव माफ करतो." आणि फोटो आला की इतका स्वच्छ यायचा, काळ्या आभाळात चांदण्या टिपाव्यात तसा.

मशीन शिकलं. कुठलीही काच लावा, धडाधड ओळखायला लागलं. शुक्रवारी हिरवा, इतर दिवशी लाल, आणि दरवेळी बरोबर. आम्ही नाचायचे बाकी होतो.

त्याच सुमाराला वहिनीला परत दिवस गेले. ती घाबरलेली होती. तिने आणि दादांनी ठरवलंच होतं की तपासणीत दोष निघाला तर पुढे जायचं नाही. तसलं दुखणं पुन्हा बघायची ताकद नाही म्हणाली. मुंबईच्या लॅबमधून रिपोर्ट आला, दोष नाही. पण ह्या वेळी पेढे कोण आणणार? वहिनी आमच्या शेडमध्ये आली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि मॅडमना म्हणाली, "ताई, मागच्या वेळीही कागदावर असंच लिहिलेलं होतं. कागद मला नको. तुमचं मशीन काय म्हणतं ते सांगा. ते हो म्हणालं तर मी हे मूल ठेवीन."

मॅडमनी ओळखीच्या डॉक्टरांना गळ घालून तिची काच मागून आणली. आणि कधी लावली? शुक्रवारी. सगळ्यात मोलाची काच, मग सगळ्यात शांत दिवस नको? वहिनीही आली होती. चपला बाहेर काढून, पोटावर हात ठेवून उभी. फोटो आला. चांदण्या. हिरवा दिवा लागला. मॅडमनी मला बोलावून दाखवला, इंजिनिअरांना दाखवला, आणि वहिनीकडे वळून म्हणाल्या, "दिसलं वहिनी. डोळ्यांनी दिसलं." वहिनी हमसाहमशी रडली. मीही रडले. त्या दिवशी मॅडमनी शिळफाट्याला आम्हाला वडे खिलवले आणि एकही मोडून बघितला नाही.

पुढे मुंबईच्या त्या लॅबने आमचं मशीन महिनाभर वापरून बघायचं कबूल केलं. टेंपोत गाद्या घालून ते नेलं. त्यांची लॅब तळघरात, एसी लावलेला, पाऊल वाजत नाही इतकी शांत. त्यांनी काचा लावायला सुरुवात केली. हिरवा. हिरवा. हिरवा. महिना संपला तेव्हा आम्हाला बोलावलं. तिथले मोठे डॉक्टर एकदम खूश. "मॅडम, तुमचं मशीन आम्हाला आवडलं. आमच्या कामात एकही खोट नाही म्हणतंय." ऑर्डर द्यायला तयार होते, जागेवर! कॉफी आली, बिस्किटं आली. मी तर मनातल्या मनात घरी फोन लावला होता.

मॅडम कॉफी पीत नव्हत्या. "एकही पुसट नाही?" त्यांनी विचारलं. "महिन्याभरात एकही?" मग पर्समधून एक काच काढली. आम्हीच उन्हात ठेवून नासवलेली, दाखवायला म्हणून बरोबर आणलेली. ती मशीनला लावली.

हिरवा.

कुणी काही बोलत नव्हतं, तरी मॅडमचा हात वर गेला. तळवा समोर. तसाच राहिला. डॉक्टर बिचारे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

मशीन परत आणलं. सोमवार होता, प्रेस चालू होता. तीच नासकी काच लावली. लाल. मग फ्रिजमधली चांगल्यातली चांगली काच लावली. लाल! मॅडम उठल्या, चपला न घालता शेजारी गेल्या. मी मागोमाग. म्हणाल्या, "काका, जरा प्रेस बंद करता?" काकांनी केला. आम्ही येऊन नासकी काच लावली. हिरवा. मॅडम पुन्हा गेल्या. "आता चालू करा." काका म्हणाले, "आजवर बंद करा, बंद करा करत व्हत्या, आन् आज चालू करा?" तरी त्यांनी चालू केला. धाड्. लाल.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. मॅडमना लागला नाही. त्या फरशीवर हात ठेवून उभ्या होत्या. ट्यूब होत्या, फरशी होती, आमच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण प्रेसचं थरथरणं फोटोत बारीकसं उतरत होतं. चांगल्या काचा सगळ्या शुक्रवारच्या. खराब काचा सगळ्या इतर वारांच्या. मशीन डीएनए शिकलंच नव्हतं. ते प्रेस शिकलं होतं. प्रेस बंद म्हणजे स्पष्ट, प्रेस चालू म्हणजे पुसट. एवढी वर्षं आम्ही त्याला शुक्रवार ओळखायला शिकवत होतो.

काका प्रेस बंद करून दारात येऊन उभे राहिले. "आमच्या प्रेसनं काय घोळ केला काय, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो काका. तुम्ही तुमचं काम केलंत." आणि एवढ्या हळू म्हणाल्या की प्रेस चालू असता तर ऐकूही आलं नसतं.

इंजिनिअर पोरं म्हणायला लागली, फोटो नव्याने काढू, पुन्हा शिकवू. मला मात्र मॅडमच्या चेहऱ्यावर दुसरंच दिसत होतं. वहिनीला आठवा महिना लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दहिवलीला गेलो. मला म्हणाल्या, "तुम्ही चला बरोबर. मला एकटीला बोलता येणार नाही." वहिनी ओटीवर पाय पसरून डाळिंब्या सोलत होती, भिजवून मोड काढलेले वाल. आम्हाला बघून खूश झाली, म्हणाली, "बसा, हात लावा जरा." मॅडम बसल्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. प्रेस, शुक्रवार, हिरवा दिवा. वहिनी सोलत राहिली. एक वाल दाबायची, डाळिंबी वाटीत, साल परातीत.

"म्हणजे हिरवा दिवा खोटा होता?"

"खरा होता का खोटा, ते सांगता येत नाही. त्या दिव्याला काही अर्थच नव्हता वहिनी."

"मग बाळाला तो आजार आहे?"

"माहीत नाही. दुसऱ्या लॅबकडून परत तपासून घेता येईल. मी आजच..."

"नको." वहिनीने पहिल्यांदा हात थांबवला. "तेव्हा कळलं असतं तर मी काहीतरी ठरवलं असतं. आता ते माझ्याशी खेळतं, ताई. तुमचे दादा गाणी म्हणतात त्याच्याशी. आता कळून मी काय करू?" मग पदराला हात पुसत म्हणाली, "जन्मल्यावर काय बघायचं ते बघा. पण बारसं होईपर्यंत मला एक शब्द कळता कामा नये. तेवढे दिवस तरी मला नुसतं आईसारखं राहू द्या. शपथ घ्या."

मॅडमनी तिच्या पोटाला हात लावून शपथ घेतली. मला वाटलं होतं वहिनी चिडेल, घालवून देईल. मी असते तर दिलं असतं घालवून. ती म्हणाली, "जेवून जा. उसळ करते." आणि आम्ही जेवलो. मॅडम खाली मान घालून जेवल्या. त्या उसळीची चव मला आठवत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांना मॅडमनी स्वतःहून सगळं कळवलं. नसतं कळवलं तर कुणाला पत्ता लागणार होता? उलट आमचं मशीन गेलं असतं ठिकठिकाणी, हिरवे दिवे लावत. कंपनीच्या मागे जी माणसं उभी होती ती एकेक करून मागे सरली. इंजिनिअर गेले, एक पुण्याला, एक कुठे ते माहीत नाही. शेड रिकामं केलं तेव्हा कडाप्प्याची फरशी काकांनी नेली, बसायला म्हणून. कर्जतला बायका म्हणायच्या, "एवढी शिकलेली, आणि हे साधं कळू नये?" मी दोघी-तिघींशी चांगली भांडले. म्हटलं, बाई, जपून ठेवलेल्या वस्तूचाच घात होतो कधी कधी. हयगय केली असती, कुठलीही काच कुठल्याही वारी लावली असती, तर मशीन शहाणं झालं असतं. हे तुम्हाला पटतं का सांगा. मला अजून पटत नाही, पण तसंच घडलं.

मुलगा झाला. दादांनी पेढे आणले, वहिनीनेच आणायला लावले. टाचेतून रक्त मी घेतलं आणि ते दुसऱ्याच एका लॅबकडे गेलं. तो पाय हलवतो का ते मी बघितलं नाही. त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून मी टाचेकडेच बघत राहिले.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. ओटीवर पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, परातभर घुगऱ्या. वहिनी नवीन हिरव्या साडीत, केसांत गजरा, इतकी सुंदर दिसत होती. मी आणि मॅडम मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी वाट्या विसळत होतो. मॅडमचा फोन वाजला. त्यांनी ओल्या हाताने उचलला. लॅबचे डॉक्टर होते. मॅडम ऐकत राहिल्या. "परत तपासलंत?" त्यांनी विचारलं. मग "बरं" म्हणाल्या, आणखी एकदा "बरं" म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "आहे."

आतून हाका सुरू झाल्या. "अगं, आत्या कुठाय? आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? आत्याबाई, चला!" मॅडमनी टाकीतलं पाणी तोंडावर मारलं, ओढणीने पुसलं आणि आत गेल्या. मी मागून.

बाळाला पाळण्यात घातलं होतं. मॅडम वाकल्या, त्याच्या कानाशी तोंड नेलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सगळ्या तुटून पडल्या. धप धप धप, आणि हशा. "मोठ्यानं सांगा, आमालापन ऐकू द्या की!" "बंगळूरच्या बाईला घाला जोरात!" मॅडम वर येईनात. त्या तशाच वाकलेल्या, चेहरा पाळण्यात, दोन्ही हातांनी पाळण्याची कड घट्ट धरलेली.

मी बाजूला उभी होते. माझे हात खालीच होते. वहिनी पाटावर बसून हसत होती, हसता हसता तिची नजर माझ्यावर आली, माझ्या हातांवर आली. ती थांबली. "तुम्ही का नाही मारत?" तिने विचारलं.

बारसं अजून व्हायचं होतं. मी हसले, पुढे झाले, आणि मॅडमच्या पाठीत धपाटा घातला.